टीमवाला एजंट निवडताना: प्रत्येक कामासमोर एक नाव लिहून घ्या

पुणे, ठाणे किंवा मुंबईच्या उपनगरांत पूर्वी घराचा व्यवहार एकच माणूस करायचा. चावी त्याच्याकडे, घर तोच दाखवणार, भाव तोच तोडणार आणि रजिस्ट्रेशनच्या दिवशी साक्षीदार म्हणून सहीही तोच करणार. आता बोर्डवर नाव एकाचे असते, पण मागे पाच-सात जण काम करतात. यात फायदा आहे: शनिवार-रविवारी चार ग्राहक आले तरी घर दाखवायला माणूस मिळतो, आणि एक जण सुट्टीवर गेला म्हणून व्यवहार अडत नाही. तोटाही यातच आहे. पहिल्या भेटीत ज्याच्यावर विश्वास बसला तो पुढे फोनवरही येत नाही, आणि काम अडले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

म्हणून टीम निवडताना टीमचा मालक किती गोड बोलतो यापेक्षा कामाची वाटणी कशी आहे हे बघायचे. खालची माहिती मुख्यतः रीसेल फ्लॅटच्या खरेदी-विक्रीसाठी आहे. नव्या प्रकल्पांबद्दल जिथे वेगळे आहे तिथे तसे सांगितले आहे.

१. टीममध्ये कोण काय करतो ते समजून घ्या

साधारण पाच कामे असतात. घरमालकांकडून घर विक्रीला मिळवणारा, ग्राहकांना घर दाखवणारा, दोन्ही पार्ट्यांमध्ये भाव जुळवणारा (हा बहुतेक वेळा टीमचा मालक किंवा भागीदार), गृहकर्जाचे बघणारा, आणि कागदपत्रे व रजिस्ट्रेशन सांभाळणारा.

यातल्या दोघांकडे जास्त लक्ष द्या. घर दाखवणारा मुलगा बहुतेक वेळा टीममधला सर्वांत नवा असतो आणि तुमच्या घराबद्दल ग्राहकाला जे काही कळते ते त्याच्याच तोंडून. त्याला कार्पेट (आतली वापरायची जागा) किती, पार्किंग झाकलेले की उघडे, देखभाल खर्च किती, हे पाठ नसेल तर वीस ग्राहक येऊनही एक ऑफर येत नाही. दुसरा, कर्जाचे बघणारा. त्याला ज्या बँकेकडून कमिशन मिळते ती बँक तो आधी सुचवतो. हे गैर नाही, पण तुम्हाला माहीत हवे. त्याच्या कोटेशनबरोबर तुमचे पगाराचे खाते असलेल्या बँकेचे कोटेशनही घ्या.

२. तुमचा व्यवहार रीसेल आहे की नव्या प्रकल्पातला?

नव्या प्रकल्पात एजंटची दलाली बिल्डर देतो, घेणाऱ्याला सहसा काही द्यावे लागत नाही. फुकट सेवा मिळाली असे वाटते, पण ज्या प्रकल्पात जास्त टक्के मिळतात तिथेच तुमची गाडी वळते. ‘या भागात अजून कोणते प्रकल्प आहेत, आणि तुमचा करार त्यातल्या कोणाकोणाशी आहे?’ हे सरळ विचारा.

रीसेलमध्ये दोन्ही बाजू आपापली दलाली देतात. प्रत्येकी १ ते २ टक्के हा रुळलेला दर आहे आणि तो बोलणीने ठरतो. एकच टीम दोन्ही बाजूंकडून घेत असेल तर तिला भाव किती झाला यापेक्षा व्यवहार लवकर झाला पाहिजे, इतकेच हवे असते. ८५ लाखांचा फ्लॅट ८२ लाखांना गेला तर १ टक्का दलालीत टीमचे प्रत्येक बाजूमागे ३,००० रुपये कमी होतात, घरमालकाचे ३ लाख. हा हिशेब डोक्यात ठेवूनच बोलणीला बसा.

३. नोंदणी तपासा, पण तेवढ्यावर थांबू नका

महारेरात (घरबांधणी प्रकल्प आणि एजंटांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात) नोंदलेल्या प्रकल्पातले घर विकायला मदत करणाऱ्या एजंटला रेरा कायदा २०१६ च्या कलम ९ नुसार नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी पाच वर्षांसाठी असते. महाराष्ट्रात आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे सक्षमता प्रमाणपत्रही लागते. तपासायचे असे:

- नोंदणी क्रमांक मागा. एजंटचा क्रमांक इंग्रजी ‘ए’ अक्षराने सुरू होतो. ‘पी’ने सुरू होणारा क्रमांक प्रकल्पाचा असतो. काही जण प्रकल्पाचाच क्रमांक पुढे करतात, तिथे फसू नका.
- महारेराच्या संकेतस्थळावर एजंट शोधा. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, व्यक्तीच्या की फर्मच्या, आणि मुदत कधी संपते ते बघा.
- बोर्डवरचे नाव, नोंदणीतले नाव, दलालीच्या बिलावरचे नाव आणि बँक खात्याचे नाव ही चारही एकच आहेत का? टीममध्ये हे चौघे वेगवेगळे निघण्याची शक्यता जास्त असते. पुढे पैसे परत मागायची वेळ आली तर कोणाकडे मागायचे ते यावरच ठरते.

जुन्या, रेरात नोंद नसलेल्या इमारतीतला फ्लॅट विकायला ही नोंदणी कायद्याने लागत नाही, आणि अशा व्यवहाराची तक्रार महारेराकडे चालेलच असे नाही. तिथे तुमचा आधार म्हणजे एजंटबरोबरचा लेखी करार. त्यावर पाचव्या पायरीत सविस्तर लिहिले आहे.

४. किमान तीन टीमना भेटा आणि हेच प्रश्न विचारा

भेट त्यांच्या ऑफिसात घ्या. टीम खरोखर आहे, की एकच माणूस तीन नंबरांवरून फोन करतो, हे तिथेच कळते.

- गेल्या सहा महिन्यांत याच सोसायटीत किंवा शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांत किती व्यवहार केले? त्यातल्या दोन ग्राहकांशी बोलता येईल का?
- माझे काम नेमके कोण बघणार? तो किती महिने टीममध्ये आहे? तो सोडून गेला तर कोण?
- आत्ता हातात किती घरे आहेत, आणि ती दाखवायला किती माणसे? एका माणसामागे तीस घरे असतील तर तुमच्या घराचा नंबर कधी लागणार?
- माझ्या घरासाठी ग्राहकही तुमच्याच टीमचा आला तर दोन्ही बाजूंकडून दलाली घेणार का? भावाची बोलणी मग कोण करणार?
- कागदपत्रे वकील तपासतो की ऑफिसातला मुलगा?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘आमचा माणूस बघतो, काळजी करू नका’ असे आले, तर स्वतःचा वकील करा. खरे तर उत्तर काहीही आले तरी घेणाऱ्याने स्वतःचा वकील करावाच. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी हक्काच्या कागदांचा तपास) बँक करते खरी, पण तो बँकेच्या कर्जाची काळजी करतो. तुमच्या पार्किंगची किंवा गच्चीच्या हक्काची काळजी त्यात नसते.

५. लेखी करार: काय असलेच पाहिजे

अनेक टीम व्हॉट्सॲपवर ‘ब्रोकरेज १ टक्का कन्फर्म’ एवढ्यावर काम सुरू करतात. त्याने भागत नाही. एक पानाचा करार पुरतो, पण त्यात पुढच्या गोष्टी हव्यातच.

दलाली किती टक्के, कोणत्या रकमेवर, आणि जीएसटी धरून की वेगळा. ८५ लाखांवर १ टक्का म्हणजे ८५,००० रुपये. टीम जीएसटीत नोंदलेली असेल तर १८ टक्क्यांनी १५,३०० रुपये वर, म्हणजे १,००,३०० रुपये. २ टक्के असतील तर तीच रक्कम २,००,६०० होते. जीएसटी लावत असतील तर जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल मागा. बिल न देता १८ टक्के मागणाऱ्याला ते देऊ नका.

काम फक्त त्यांनाच की इतरांनाही? एकट्या टीमला काम दिले तर ती जाहिरातीवर, फोटोंवर जास्त खर्च करते. इतरांनाही दिले तर तेच घर चार पोर्टलवर चार वेगळ्या भावांत दिसायला लागते, आणि ग्राहकाला वाटते की मालक अडचणीत आहे. एकालाच द्यायचे असेल तर मुदत ६० ते ९० दिवसांची ठेवा, त्याहून जास्त नको. आपोआप मुदतवाढ होईल असे कलम असेल तर ते खोडून टाका.

मुदत संपल्यानंतरचे काय? टीमने दाखवलेल्या ग्राहकाने नंतर घर घेतले तर दलाली द्यायची, असे कलम जवळपास प्रत्येक करारात असते आणि ते योग्यही आहे. पण मुदत संपताना त्या ग्राहकांची नावांसह यादी तुम्हाला द्यायची, हे त्यात जोडा. यादी नसेल तर सहा महिन्यांनी कोणताही ग्राहक ‘आमचाच होता’ म्हणून दावा येतो.

कमीत कमी किंमत कोणाला सांगायची? फक्त बोलणी करणाऱ्या एकाच व्यक्तीला, तेही शक्य तितके उशिरा. घर दाखवणाऱ्या मुलाला ‘७८ पर्यंत देऊ’ सांगितले की संध्याकाळपर्यंत तो आकडा समोरच्या पार्टीकडे पोचतो. दोन्ही पार्ट्या एकाच टीमच्या असतील तर यात कोणाचा वाईट हेतूही लागत नाही, एकाच टेबलावर बसणाऱ्यांत बोलणे होतेच.

आणि सर्वांत महत्त्वाचे, करारामागे जोडायचा कामांचा तक्ता. डावीकडे काम, मध्ये नाव, उजवीकडे तारीख. सोसायटीचे ना हरकत पत्र, बँकेचे फोरक्लोजर स्टेटमेंट (कर्ज आज बंद करायला किती भरायचे त्याचे पत्र), करारनाम्याचा मसुदा, मुद्रांक शुल्काचे चलन, रजिस्ट्रेशनची वेळ, टीडीएस (घेणाऱ्याने किमतीतून कापून सरकारला भरायचा कर), वीजबिलावरचे नाव बदलणे, शेअर सर्टिफिकेटवर नोंद. प्रत्येक ओळीत एकच नाव. ‘ऑफिस’ किंवा ‘टीम’ असे लिहिले असेल तर ती ओळ कोरी आहे असे समजा.

६. विकणार असाल तर

भाव टीमच्या तोंडून ऐकण्याआधी स्वतः बघा. नोंदणी विभागाच्या ई-सर्च सुविधेत वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की सूची क्रमांक २ (नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश) दिसते. त्यात प्रत्यक्ष मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ आणि नोंदणीची तारीख असते. तुमच्याच इमारतीतले गेल्या वर्षभरातले दोन-तीन व्यवहार काढा आणि मोबदल्याला कार्पेटने भागा. काम मिळावे म्हणून मुद्दाम चढा भाव सांगणारे असतात. तीन आठवडे कोणी फिरकत नाही, मग ‘मार्केट थंड आहे’ म्हणत भाव खाली आणतात. तोवर घर पोर्टलवर शिळे झालेले असते.

घर दाखवायला सुरुवात करण्याआधी कागद तयार हवेत:

- पहिल्या खरेदीपासून तुमच्यापर्यंतचे सर्व मूळ करारनामे आणि सूची क्रमांक २
- शेअर सर्टिफिकेट, किंवा इमारत अपार्टमेंट पद्धतीची असेल तर डीड ऑफ अपार्टमेंट
- भोगवटा प्रमाणपत्र
- मिळकत कराची पावती, वीजबिल, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला
- कर्ज चालू असेल तर बँकेकडे जमा कागदपत्रांची यादी आणि शिल्लक रकमेचे पत्र
- सर्व मालकांचे पॅन, आधार. मालक वारला असेल तर वारसांचे कागद
- मालक परदेशात असेल तर नोंदलेले मुखत्यारपत्र

परदेशात राहणाऱ्या मालकांसाठी एक इशारा. विकणारा अनिवासी असेल तर घेणाऱ्याला टीडीएस १ टक्का नव्हे, बऱ्याच जास्त दराने कापावा लागतो. कमी दराने कापण्याचे प्रमाणपत्र आयकर विभागाकडून आधी घेतले नाही तर मोठी रक्कम विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकते. टीममधल्या कोणालाही हे ठाऊक नसेल, तर अनिवासी मालकाने ती टीम घेऊ नये. भाव ठरवण्याआधीच सीएला फोन करा.

चावी द्यायची असेल तर कोणाला दिली त्याची सहीची नोंद ठेवा आणि एकच जोड द्या. प्रत्येक व्हिजिटनंतर ग्राहकाचे नाव व त्याचे म्हणणे दोन ओळींत तुम्हाला आले पाहिजे.

७. घेणार असाल तर

पहिला प्रश्न क्षेत्रफळाचा. ‘अकराशेचा टू बीएचके’ म्हणतात तो बहुतेक वेळा सेलेबल आकडा असतो, म्हणजे जिना, लॉबी यांचा वाटा मिळवून फुगवलेला. रेरातला कार्पेट म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा. आतल्या भिंती त्यात येतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाहीत. करारनाम्यातला कार्पेटचा आकडा बघा, आणि शंका असेल तर टेप लावा. हॉल १६ फूट बाय १० फूट म्हटला आणि भरला १४ फूट ६ इंच, असे सहज होते.

टोकन देण्याची घाई जिथे जास्त, तिथे थांबा. ‘दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय’ हे वाक्य प्रत्येक घराबद्दल ऐकू येईल. टोकन द्या, पण चेकने किंवा ऑनलाइन, थेट मालकाच्या खात्यात. टीमच्या खात्यात नको. विसार पावतीत, म्हणजे टोकनच्या लेखी पावतीत, हे वाक्य असू द्या: ‘खरेदीदाराचे कर्ज नामंजूर झाल्यास अथवा मिळकतीच्या मालकी हक्कात दोष आढळल्यास विसाराची पूर्ण रक्कम सात दिवसांत विनाकपात परत केली जाईल.’ हे वाक्य नसेल तर टोकन बुडाले असे धरून चाला. रोखीच्या भानगडीत पडूच नका. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणाऱ्याला तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. एजंट ‘२० टक्के भरा, डिस्काउंट मिळवून देतो’ म्हणाला तर तो तुम्हाला कायद्याबाहेर नेतो आहे. जाहिरातीवर महारेराचा क्रमांक आणि क्यूआर कोड असतो. तो स्वतः स्कॅन करून मंजुरी, वाद आणि ताब्याची तारीख वाचा.

८. टोकनपासून ताब्यापर्यंत, कुठे काय अडते

टीमची खरी परीक्षा इथेच होते.

सोसायटी. हस्तांतरणाचा प्रीमियम महापालिका क्षेत्रात कमाल २५,००० रुपये, हस्तांतरण शुल्क ५०० आणि प्रवेश शुल्क १००. त्यापुढे ‘देणगी’ म्हणून लाखभर मागणाऱ्या कमिट्या आहेत. ती सक्तीने घेता येत नाही. बँक ना हरकत पत्र मागतेच, म्हणून टोकनच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज गेला पाहिजे. कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच असेल तर चार आठवडे इथेच जातात.

मुद्रांक शुल्क. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि ठाणे शहरात ७ टक्के, मुंबईत ६ टक्के. ते मोबदला किंवा रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकातली) किंमत यांत जी जास्त असेल त्यावर लागते. सर्व खरेदीदार महिला असतील तर निवासी घरावर १ टक्का सवलत. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. पुण्यातल्या ८५ लाखांच्या घरावर शुल्क ५,९५,००० रुपये, एकट्या पत्नीच्या किंवा आईच्या नावावर घेतले तर ५,१०,०००. वाचलेले ८५,००० म्हणजे नेमकी १ टक्का दलाली. मसुदा तयार होण्याआधी ही आठवण करून देणारी टीम आपली फी तिथेच कमावते. नावे ठरल्यावर आणि चलन निघाल्यावर मात्र बदल त्रासाचा होतो. कर्जात दोघांची नावे हवीत का, हे बँकेला आधीच विचारा.

टीडीएस. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर निवासी मालकाला पैसे देताना घेणाऱ्याने १ टक्का कापायचा, आणि ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. हे काम घेणाऱ्याचे आहे, पण बँक पावती मागते आणि मालक प्रमाणपत्र मागतो. तक्त्यात नाव नसेल तर हमखास राहणारी ओळ हीच.

मालकाचे कर्ज. घेणाऱ्याची बँक मालकाच्या बँकेला चेक देते आणि मूळ कागद सुटायची वाट बघावी लागते. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत कागद द्यायचे, उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. बँकेत हा नियम दाखवून पाठपुरावा करणारा माणूस टीममध्ये हवा.

रजिस्ट्रेशनचा दिवस. आदल्या रात्री तपासायचे: दस्तातली नावे पॅनप्रमाणे आहेत का, फ्लॅट व पार्किंगचा क्रमांक, कार्पेट, चतुःसीमा, चलनातील रक्कम. ओळखपत्रांसह दोन साक्षीदार. दुय्यम निबंधकांकडे फोटो आणि अंगठा होतो. वयस्कर मालकांचे ठसे कधीकधी उमटत नाहीत, म्हणून वेळ सकाळची घ्या आणि आधारला जोडलेला मोबाइल बरोबर ठेवा. दस्तावर सही झाल्यापासून नोंदणीला चार महिने मिळतात, तरी सही आणि नोंदणी एकाच दिवशी करणे बरे.

९. दलाली कधी द्यायची

टोकनच्या वेळी काही देऊ नका. रीसेलमध्ये करारनामा नोंदल्यावर पूर्ण दलाली मागण्याची पद्धत आहे, पण काम तिथे संपलेले नसते. कर्जाचे वाटप, ताबा, शेअर सर्टिफिकेट, वीजबिल सगळे पुढेच असते, आणि पैसे मिळाल्यावर टीम पुढच्या ग्राहकाकडे वळते. अर्धी नोंदणीच्या दिवशी आणि अर्धी ताबा देऊन-घेऊन सोसायटीचा अर्ज जमा झाल्यावर, असे करारातच लिहा. चांगल्या टीम याला नाही म्हणत नाहीत. एखादी फारच अडून बसली तर निदान २५ टक्के मागे ठेवा.

ताब्याच्या दिवशी चाव्यांचे सर्व जोड, पार्किंगचे स्टिकर, गॅस व वीज मीटरचे वाचन, राहून जाणाऱ्या फर्निचरची यादी यांची ताबा पावती करून दोघांच्या सह्या घ्या. मग तोच कामांचा तक्ता काढा, एकेक ओळीवर खूण करा, आणि सगळ्या ओळींवर खूण झाली की उरलेली रक्कम द्या.